मदत हवी आहे: ईटीपीचा गाळ फिल्टर प्रेसमधून ओलाच निघतोय

नमस्कार मंडळी. चाकणला आमचं फॉस्फेटिंग-पेंटिंगचं (धातूवर फॉस्फेटचा थर देऊन रंगवण्याचं) युनिट आहे. ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लांटमध्ये) चुना आणि पॉली (कण एकत्र आणणारं पॉलिमर) टाकून गाळ बसवतो, मग फिल्टर प्रेसमध्ये कापडाच्या प्लेटांत दाबून पाणी काढतो. पावसाळ्यापासून केक (दाबून उरलेला गाळ) लोण्यासारखा येतोय. प्लेट उघडली की राखाडी थर निम्मा कापडालाच चिकटलेला, हेल्पर पत्र्याने खरवडत बसतो. त्यात कापडं फाटतात ती वेगळीच.

गाळ घातक कचऱ्यात, वर्ग ३५.३ मध्ये येतो. रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात वजनावर दर लागतो, म्हणजे पाण्याचेही पैसे आपणच भरतो. ९० दिवसांच्या वर साठवूनही ठेवता येत नाही.

कापडं सौम्य ॲसिडने धुतली, जार टेस्ट (छोट्या भांड्यांत डोसची चाचणी) करून पॉली कमी-जास्त केलं, थिकनरवर (गाळ घट्ट करायच्या टाकीवर) पत्रे टाकले, फीडचा दाब ५ बारपर्यंत नेला. फरक थोडाच. चुना वाढवला की केक सुटतो, पण वजन वाढतं, मग उपयोग काय? बॉयलर नाही, त्यामुळे वाफेवरचा ड्रायर बाद. ड्राइंग बेडला (गाळ उन्हात वाळवायच्या वाफ्यांना) जागा नाही.

जुन्याच प्रेसला मेम्ब्रेन प्लेटा (फुगून केक आणखी पिळणाऱ्या) बसवता येतात का, आणि फॉस्फेटच्या गाळात त्यांनी ओलावा प्रत्यक्षात किती टक्क्यांवर आला? स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा.