मदत हवी आहे: इंग्लंडच्या क्लब क्रिकेटचा पहिला हंगाम

पुण्याचा एक रणजीपटू एप्रिल ते सप्टेंबर इंग्लंडमधल्या क्लबकडून मानधनावर खेळणार आहे. कागदपत्रांचा क्रम ठरलाय: बीसीसीआयचं ना-हरकत पत्र, ईसीबीची (इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची) शिफारस, क्लबचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, मग इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा. राज्य संघाकडून नुकताच खेळलेला खेळाडू तिथे व्यावसायिकच धरतात, त्यामुळे फुकट खेळला तरी व्हिजिटर व्हिसा चालणार नाही. नवख्यांनी हे लक्षात ठेवावंच.

खरी काळजी फलंदाजीची. एप्रिलमध्ये पारा कित्येकदा दहाच्या खाली, खेळपट्टी ओलसर, त्यात तिथला ड्यूक्सचा चेंडू आपल्याकडच्या एसजीपेक्षा जास्त वेळ स्विंग होतो. हात शरीरापुढे नेऊन ड्राइव्ह मारला की थेट स्लिपमध्ये झेल. चेंडू डोळ्यांखाली येऊ देऊन उशिरा खेळायची सवय पुण्यातल्या कडक खेळपट्टीवर कशी लावावी? नेट्समध्ये ड्यूक्स किती षटकं जुना वापरावा? ओल्या आउटफिल्डला अर्धे स्पाइक्स (फक्त पुढच्या भागात खिळे असलेले बूट) पुरतात का?

सामने बहुतेक शनिवारी. मधल्या दिवसांत क्लबच्या मुलांना कोचिंग. उरलेला वेळ खायला उठतो, तो कसा घालवतात?

आणखी एक: सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असतं, डोपिंगविरोधी नियमांनुसार सामन्याच्या काळात ठरावीक प्रमाणापुढे त्यावर बंदी आहे. तिथे सुरक्षित पर्याय कोणते? शाकाहारी स्वयंपाकाबद्दलही सांगा.