‘गुंडा’ला खिदळणाऱ्यांनो, जरा थांबा

तिरसट_तात्या

परवा इथेच एका महाशयांनी सल्ला दिला की ‘गुंडा’ हा सिनेमा एकट्याने बघायचा नसतो. चार टाळकी जमवायची, पेग भरायचे आणि दर यमकाला खिदळायचं. खाली स्मायल्यांची रांग. डोकं सटकलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

सिनेमा 1998चा, दिग्दर्शक कांती शाह, लिहिला बशीर बब्बरने. खलनायक आपली ओळख यमकात करून देतात, शेवटी रिक्षांचा ताफा चालून येतो. हे हास्यास्पद आहे हे कळायला अक्कल लागत नाही. पण तो केला कोणासाठी? त्याचा नायक मिथुन तेव्हा उटीला जाऊन बसला होता. निर्मात्याने तिकडे जायचं, युनिट त्याच्याच हॉटेलात उतरवायचं, झटपट शूटिंग उरकून परत यायचं. 1989 साली एका वर्षात 19 सिनेमे आलेला नट तो. मुंबईने हात झटकले तरी आमच्या तालुक्याच्या थेटरात त्याच्या नावावर पिट, म्हणजे पडद्यापुढची स्वस्तातली जागा, भरायचं, आणि त्या पिटात कोणी टवाळीसाठी बसलेलं नसायचं.

त्याच वर्षी गुंडांवरचाच ‘सत्या’ आला. त्यावर आजही लेख पडतात, आणि याला फक्त खिदळणं? ‘गुंडा’ चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. वाईट म्हणायचाय तर नीट वाईट म्हणा. कुठे फसला, का फसला, काय घाण आहे ते लिहा. दारूच्या ग्लासाआडून दात काढणं म्हणजे समीक्षा नव्हे.

मधली_सुट्टी

तात्या, कोणासाठी केला ते विचारलंत. कोणाच्या जिवावर केला तेही विचारा की! नायकाच्या बहिणीवर अत्याचार, बहीण मेली, मग भाऊ सुटला बंदूक घेऊन. तिला सिनेमात दुसरं काम काय होतं?

आमची शाळा भरायची आणि थेटरातला मॉर्निंग शो सुटायचा, दोन्ही एकाच सुमारास. आम्ही मुली दप्तर छातीशी धरून पलीकडच्या फुटपाथने जायचो. तुमचं ते भाबडं पिट बाहेर पडल्यावर काय बोलायचं ते आम्ही ऐकलंय. खिदळणाऱ्यांचा मला राग आहेच, पण तुमच्या गहिवराचा जास्त आहे.

रिळवाला

ताईंशी सहमत, आणि थोडं आतलं सांगतो. माझा मामा थेटरात प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर होता. मॉर्निंग शोला वितरकाचा माणूस पिशवीतून वेगळं छोटं रीळ आणायचा. त्यातला चावट तुकडा मूळ सिनेमातलाही नसायचा. मामा ब्लेडने फिल्मच्या टोकाचा थर खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचा, अंगठ्याने दाबून धरायचा, की बसला जोड. पडद्यावर तिथे एक हिसका यायचा आणि खालून शिट्टी. सेन्सॉरच्या सर्टिफिकेटावर लांबी आणि रिळं छापलेली असायची, दाखवायचे मात्र भलतंच. पोलीस आल्याची कुणकुण लागली की तो तुकडा पहिला गायब. तेव्हा तात्या, दिग्दर्शकाने काय केलं याचा न्याय करताना तुम्ही बघितलेला सिनेमा नक्की त्याचाच होता का, हेही बघा.

पिटातला

वा! म्हणजे बिघडलेलं सगळं आमच्यासारख्या गरिबांच्या पिटातच का? ‘इन्साफ का तराजू’ आठवतो का, ताई? 1980, बी. आर. चोप्रा, मोठं बॅनर, झीनत अमान. अत्याचाराची दृश्यं कशी रेंगाळत घेतलीत ते बघा. पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा शाळकरी वयाची. तिला फिल्मफेअर मिळालं आणि सहकुटुंब बघून आलेले लोक सामाजिक आशय म्हणाले. बाल्कनीत बसून बघितलं की आशय, पिटात बसून बघितलं की घाण.

उलट ‘अंकुश’ घ्या. 1986, एन. चंद्रा, पैसे बेताचे, नट नवखे. गोष्ट तीच, अत्याचार आणि सूड. तरी त्यात चाळ खरी, बेकारी खरी, आणि शेवटी पोरं फासावर जातात. पैसा कमी म्हणून सिनेमा घाण होत नाही.

मधली_सुट्टी

‘तराजू’ मान्य, तोही चुलीत घाला. ‘अंकुश’मध्येही मुलगी मरतेच आणि पोरं हिरो होतात, पण तिला निदान तोंड आहे, ती बोलते. अर्धा गुण घ्या.

गिरणगावकर

अवांतर होईल, पण कोणीतरी बोलायलाच हवं. ‘गुंडा’तला पोते नावाचा खलनायक कोण? मोहन जोशी! पुढे नाट्यपरिषदेचे अध्यक्ष झालेला रंगभूमीचा माणूस. त्याच्या तोंडी ते यमक? हिंदीने मराठी माणसाला दिलं काय? हवालदार, भांडीवाली आणि नोकर. लक्ष्या ‘मैंने प्यार किया’त नोकर, ‘हम आपके हैं कौन’मध्ये पुन्हा नोकर! अशोक सराफ ‘करण अर्जुन’मध्ये मुनीम. आणि तात्या ज्या ‘सत्या’चं नाव घेतात त्यातला भिकू म्हात्रे? मनोज बाजपेयी, बिहारचा. मराठी गुंडसुद्धा आम्हाला करू देत नाहीत.

तिरसट_तात्या

धागा कशावर आहे, साहेब?

पिटातला

अहो, सदाशिव अमरापूरकर? ‘अर्धसत्य’चा रामा शेट्टी, 1983. कथा पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, माणूस नगरचा. मग त्यांनीच केलेली ‘सडक’ची महाराणी, तिला फिल्मफेअरचं खलनायकाचं पहिलंच बक्षीस. रडताय कशाला?

गिरणगावकर

एक अमरापूरकर दाखवून तोंड बंद करू नका. तेही बेतास बात सिनेमांत किती वर्षं राबले ते विचारा. पुण्यात बसून बक्षिसं मोजणाऱ्यांना कळायचं नाही.

पिटातला

पुण्याचा संबंध काय? मी लातूरचा आहे. आणि राबले तर राबले! नाटकाच्या नाइटवर, दर प्रयोगाच्या पैशांवर, घर चालतं का? माझा चुलता संगीत नाटकात पेटी वाजवायचा. म्हातारपणी औषधाला महाग झाला, तेव्हा कला जपली म्हणून कोणी हार घातला नाही. कांती शाहने रोख दिले असतील तर मला त्यात पाप दिसत नाही. मोहन जोशींनी पोते झोकून केलाय. हसणारे त्यांना हसत नाहीत, त्यांच्यामुळे टिकून बसतात.

गिरणगावकर

चुलत्यांचं वाईट वाटलं. बाकी एक अक्षर मान्य नाही.

रिळवाला

‘गुंडा’त इबू हटेला झालेले हरीश पटेल 2021 साली मार्व्हलच्या ‘इटर्नल्स’मध्ये होते. ते कुठल्या खात्यात मांडायचं?

गिरणगावकर

तिथेही साहाय्यकच. पुरावा दिल्याबद्दल आभार.

मधली_सुट्टी

बायकांचा विषय निघाला तेव्हा दोन प्रतिसाद. पुरुष नटांना नोकर केलं तर धागा पेटला. आणि नोकरांची यादी करता, तर त्या सिनेमांत ज्या मुलींचे कपडे फाडले त्यांची नावं कोणाला येतात? पोते पाठ, हटेला पाठ. शंकरच्या, म्हणजे मिथुनच्या, बहिणीचं काम कोणी केलं, कोणी सांगावं. न शोधता.

पिटातला

न शोधता… नाही येत.

तिरसट_तात्या

मलाही नाही. पण ताई, पेग भरून बसणाऱ्यांना तरी कुठे येतं?

मधली_सुट्टी

त्यांच्याशी बरोबरी झाल्याबद्दल अभिनंदन, तात्या.