मदत हवी आहे: खरेदीची बिलं जीएसटीच्या २बीमध्ये नाहीत, ३बी भरायची आहे

रोकडवही:
जुलैच्या खरेदीवर दिलेल्या कराचं २७,००० चं क्रेडिट (आयटीसी, आपल्या करातून वजा होणारं) २बीमध्ये, म्हणजे सप्लायरच्या रिटर्नवरून पोर्टलवर बनणाऱ्या यादीत, आलेलंच नाही. माल दुकानात आहे, पैसे दिलेत, बिलं हातात आहेत. ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, त्याची मुदत २० तारीख तोंडावर आली. क्रेडिट घेऊन ३बी भरू की नको? लवकर सांगा.

जमाखर्च:
सप्लायर किती? मासिक रिटर्न भरतात की तिमाही? बिलावर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी नंबर) आहे का? आयएमएसमध्ये (पोर्टलवर बिलं स्वीकारायची-नाकारायची सोय) चुकून रिजेक्ट केलंय का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

तराजू:
एवढी डोकेफोड कशाला? कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची छोट्यांची योजना) जा. उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर १ टक्का भरा, विषय संपला.

जमाखर्च:
@तराजू, संपत नाही. त्यात आयटीसी मिळत नाही, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, माल राज्याबाहेर विकता येत नाही. शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट आयटीसी-०३ फॉर्म भरून परत करावं लागतं ते वेगळंच. आणि चालू व्यापाऱ्याला वर्षाच्या मध्येच त्यात जाता येत नाही.

रोकडवही:
सप्लायर दोन. एकाचे १८,०००, तो म्हणतो आमचं रिटर्न तीन महिन्यांनी. दुसऱ्याचे ९,०००, त्याच्या बिलावर फक्त दुकानाचं नाव आहे. आयएमएसला हात लावलेला नाही.

शिक्का:
बिलावर एचएसएन (मालाचा कोड) तपासा. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला बी-टू-बी (नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या) बिलावर ४ अंक लागतात, त्यापुढे ६.

जमाखर्च:
@शिक्का, अडचण ती नाहीये.
पहिला क्यूआरएमपीत, म्हणजे तिमाही रिटर्नच्या योजनेत, आहे. त्याने १३ ऑगस्टपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना महिन्याची बिलं टाकायची सोय) बिल टाकलं असतं तर १४ तारखेच्या २बीत दिसलं असतं. आता तिमाहीच्या जीएसटीआर-१मधून (विक्रीचं रिटर्न) येईल, त्याची मुदत १३ ऑक्टोबर. दुसऱ्याने बिल बी-टू-सीत, म्हणजे नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या विक्रीत, धरलेलं दिसतंय. ते आपोआप कधीच येणार नाही. त्याने बी-टू-सीची रक्कम जीएसटीआर-१च्या तक्ता १०मधून कमी करून तेच बिल तुमच्या जीएसटीआयएनसह तक्ता ४मध्ये दाखवायला हवं.

तराजू:
तोवर पैसे अडकवायचे? बिलं खरी आहेत, घ्या क्रेडिट. २बीपेक्षा ५ टक्के जास्त चालतं.

खतावणी:
ती सवलत १ जानेवारी २०२२ पासून बंद आहे. २बीत नाही तर क्रेडिट नाही. जास्त घेऊन वापरलं तर १८ टक्के व्याज, आणि फरक मोठा असेल तर डीआरसी-०१सी ही विचारणा येते. त्याला उत्तर दिलं नाही तर पुढचं जीएसटीआर-१ अडतं.
@रोकडवही, आत्ता हे २७,००० सोडून ३बी भरा, कर कमी पडेल तेवढा रोखीने. क्रेडिट बुडत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथपर्यंतच. यापुढे कराची रक्कम २बीत बिल दिसल्यावरच सप्लायरला द्या.

जमाखर्च:
छोट्या दुकानदाराने पैसे अडवले तर सप्लायर माल थांबवतो. आणि १८० दिवसांत करासकट पूर्ण रक्कम दिली नाही तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. त्यापेक्षा ऑर्डर देतानाच आयएफएफमध्ये टाकणार का ते विचारा.

रोकडवही:
दुसरा म्हणतोय, आजच्या तारखेचं नवीन बिल देतो. चालेल?

खतावणी:
नको. बिल नंबर आणि तारीख जुनीच राहू दे, जीएसटीआयएन तेवढा घालून घ्या. जुनं तसंच ठेवून नवीन फाडलं तर त्याची विक्री दोनदा दिसेल आणि तुमच्या वहीत एकाच मालाची दोन बिलं राहतील.