डिस्ने वर्ल्ड: ऑटिझम असलेला मुलगा, व्हीलचेअरवरचे आजोबा आणि रांगा

प्रश्न: ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम पार्क करायचंय. मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, गोंगाटाच्या बंदिस्त रांगेत टिकत नाही. सासरे व्हीलचेअरवर. दोघांसाठी डॅस (DAS, रांगेत उभं राहू न शकणाऱ्या दिव्यांगांसाठी डिस्नेची सोय) काढायचं का?

उत्तर १: फक्त मुलासाठी. मे २०२४ पासून डॅस ऑटिझम किंवा तशाच विकासात्मक अडचणींपुरतं आहे, नुसत्या व्हीलचेअरवर मिळत नाही. नोंदणी निघण्याआधीच व्हिडिओ कॉलवर उरका, मुलगा कॅमेऱ्यासमोर हवा. ‘ऑटिझम आहे’ एवढ्यावर भागत नाही. रांगेत नेमकं काय होतं ते सांगा: किती वेळाने बिथरतो, पळतो की स्वतःला मारून घेतो.

आणि हो, यात थांबणं माफ होत नाही, फक्त रांगेबाहेर थांबता येतं. रांग ७० मिनिटांची असेल तर साधारण तासाभरानंतरची वेळ ॲपवर मिळते. एका वेळी एकाच राइडची. ती वेळ उलटून गेल्यावर पोचलात तरी चालतं. मात्र ही सोय मुलगा स्वतः राइडला बसणार असेल तरच.

उत्तर २: आजोबांची अडचण रांगेपेक्षा बसण्याची आहे. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या बोटीच्या राइडमध्ये व्हीलचेअरसकट चढता येईल अशी बोट असते, तीच मागा. स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला खुर्चीतून उठून बसावंच लागतं आणि कर्मचारी उचलत नाहीत, धरायला घरचंच माणूस हवं. भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असाल तर काही राइड्सना ती सोडून साध्या, हाताने ढकलायच्या व्हीलचेअरमध्ये बसायला लावतात.

प्रश्नकर्ती: म्हणजे साधी खुर्चीच. आभार!