जागा असूनही खेटून उभे राहणारे : तुमचे अनुभव सांगा

गर्दीत धक्का लागला तर मला काही वाटत नाही, तिथे कुणाचाच इलाज नसतो. पण अख्खा वेटिंग हॉल रिकामा असताना कोणी नेमकं आपल्या शेजारच्याच खुर्चीत येऊन बसलं की कसंतरीच होतं. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याची मापं मांडली होती, दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसं आणि चार फुटांपर्यंत मित्रमंडळी. ती मापं त्याच्या भागातल्या लोकांवरून काढलेली, सगळीकडे लागू होतील असं नाही. मला तर फुटांपेक्षा तिथे लांब उभं राहायला जागा होती का, हेच महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला काय अनुभव आले? कोणी न सांगता तुमची जागा जपली असेल तर तेही लिहा.

---

रांग! मागच्या माणसाचा श्वास मानेवर जाणवतो, आपण एक पाऊल पुढे सरकलो की तोही सरकतो, जसं काही चिकटून उभं राहिल्याने नंबर लवकर लागणार आहे. मी आता तिरकी उभी राहते आणि बॅग मागच्या बाजूला घेते. कार्डाचा पिन टाकताना मात्र सरळ वळून सांगते, जरा मागे व्हा. बहुतेक जण लगेच होतात.

---

मला दिसत नाही, पांढरी काठी घेऊन फिरतो. रस्त्याच्या कडेला नुसता उभा असलो तरी कोणीतरी येऊन दंड धरतं आणि ओढायलाच लागतं. मनात मदतच असते हे कळतं हो, पण अचानक हात पडला की छातीत धस्स होतं, दिशा चुकते, आणि काठीचाच हात धरला तर पुढे काय आहे तेही कळत नाही. आधी बोला. मदत हवी का विचारा, हो म्हणालो तर तुमचा कोपर पुढे करा, मी धरतो. म्हणजे तुम्ही अर्धं पाऊल पुढे आणि वळण, पायरी सगळं मला तुमच्या चालण्यावरून समजतं. व्हीलचेअर वापरणाऱ्या मैत्रिणीचंही हेच म्हणणं आहे, न विचारता मागून ढकलू नका.

---

पाय पसरून दोन सीट अडवणाऱ्याला "सरका जरा" म्हणणं मला फार जड जातं. १९७० च्या दशकात मिलग्राम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, कारण न देता अनोळखी लोकांकडे सीट मागून पाहिली, ६८ टक्के लोकांनी दिली! आणि स्वतः मिलग्रामच्या तोंडून मागताना शब्द फुटेना. हे वाचल्यापासून मी विचारायला लागलेय.

---

बाळाचे गाल ओढणं थांबवा प्लीज. ते रडतंय, आक्रसतंय, तरी परत ओढतात.

---

चांगला अनुभव लिहितो. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मला रडू आवरेना, सोबतच्या बाईंनी काही विचारलं नाही, नुसतं दाराकडे तोंड केलं आणि उतरताना टिश्यूचं पाकीट पुढे केलं. त्या वेळी एक प्रश्नही झेपला नसता.

---

दुसरी बाजू पण सांगते. मला एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे काउंटरवर मी पुढे वाकते, माणसं मागे सरतात आणि मग अजूनच ऐकू येत नाही. आता आधीच सांगते, "ऐकायला कमी येतं, म्हणून जवळ येतेय". मग समोरचा स्वतःच मोठ्याने बोलतो, आणि मला जवळ जावंच लागत नाही.