कंत्राटी असलेल्यांना बाळंतपणाची पगारी रजा मिळते का?

अमळनेरची लेक:
नमस्कार मंडळी. मी पुण्याकडं एका खाजगी विद्यापीठात परीक्षा विभागात आहे, पण कॉन्ट्रॅक्टरमार्फत. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, हॉल तिकीट, मार्कांची एन्ट्री सगळं परमनंटवाल्यांच्या बरोबरीनं करते, फक्त आयकार्डाची दोरी वेगळ्या रंगाची. आठवा लागला म्हणून माहेरी आलेय. निघताना सुपरवायझर म्हणे मॅडम कंत्राटी लोकांना पगारी रजा नसते, बाळ झालं की फोन करा, जागा असली तर बघू. पगार 17,500, स्लिपवर पीएफचे 1800 आणि ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, 132 कापलेले दिसतात. काल आई अंगणात पापड वाळत घालत होती अन् मी सहज मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडलं तर डिसेंबरपासून एक रुपया जमा नाही!! दोन वर्षं झाली लागून, डिसेंबरातच कॉन्ट्रॅक्टर बदलला. रजेचं काय आणि पीएफ बुडाला का? इथं 44 डिग्रीत डोकंच चालत नाहीये.

खानदेशी भो:
ताई टेन्शन नको लेऊ. तुझे 132 कापताहेत ना, मग रजेचा पैसा कॉन्ट्रॅक्टरनं नाही, ईएसआयसीनं द्यायचाय. पगार 21,000 च्या आत असला की ईएसआयसी लागू होतं, तुझा हिस्सा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे मिळतात, त्यातले 8 आठवडे आधी घेता येतात, आणि रोजाचा पूर्ण पगार थेट बँकेत. अट एवढीच की मागच्या दोन सहामाह्यांत मिळून 70 दिवसांचा हप्ता भरलेला पाहिजे. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तू तर वर्षभर राबलीस. सुपरवायझरला काय ठाऊक, त्याचाच पीएफ कुठं असेल देव जाणे.

जामनेरचा जावई:
वरचं बरोबर आहे पण आधी भरलाय का ते बघा, स्लिपवर कापलं म्हणजे भरलं असं नसतं. आमच्याकडं एकानं तीन महिने कापून घेतले आणि स्वतःच्या गाडीचे हप्ते भरले म्हणे. ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमच्या इन्शुरन्स नंबरनं महिन्यावारी हप्ता दिसतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. सगळ्या पगार स्लिपाही. आणि कॉन्ट्रॅक्टरनं भरला नाही तर विद्यापीठ हात झटकू शकत नाही, मूळ मालक तेच धरतात.

पीएफवाली वहिनी:
पीएफबद्दल सांगते, घाबरू नका. कॉन्ट्रॅक्टर बदलला की यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो पण मेंबर आयडी, म्हणजे त्या त्या मालकाकडचा खाते नंबर, नवा पडतो. पासबुकात वर आयडी निवडायची जागा असते, तुम्ही जुनाच बघत असाल. एक सांगू, कॉन्ट्रॅक्टर बदलला म्हणून पैसे काढून मोकळं होऊ नका, ट्रान्सफर करा. 10 वर्षं भरली तर पेन्शन बसते, काढले की ती वर्षं गेली. आमच्या ह्यांनी दोनदा काढले, एकदा फ्रीज, एकदा साल्याचं लग्न.

अमळनेरची लेक:
वहिनी खरंच दुसरा आयडी निघाला! डिसेंबर जानेवारी भरलेत, फेब्रुवारीपासून मात्र कोरं. ईएसआयसी मार्चपर्यंत सगळं दिसतंय.

खानदेशी भो:
मग रजेचं झालंच तुझं. डॉक्टरचा दाखला घेऊन पोर्टलवर क्लेम टाक. आणि रजेवर असताना कामावरून काढता येत नाही, हे त्या सुपरवायझरला फोनवर नको, मेलवर लिही.

जामनेरचा जावई:
पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचा असतो. आधी विद्यापीठाच्या आस्थापना विभागाला एक मेल, आठ दिवसांत हालचाल नाही झाली तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका.

अमळनेरची लेक:
दोन्ही मेल पाठवले. आई विचारतेय एवढं काय टाईप करतेस, जेवायला चल, कळण्याची भाकरी गार होतेय.