जपानमध्ये एएलटी आहे, शिक्षक म्हणून पुढे शिकायचं कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी सैतामात (टोकियोशेजारचा प्रांत) एएलटी, म्हणजे इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. जेट या सरकारी योजनेतून नाही, खासगी कंपनीमार्फत, ग्योमु-इताकू करारावर, म्हणजे शाळेने काम कंपनीला कंत्राटाने दिलेलं असतं. पुण्यात बी.एड. करून काही वर्षं शिकवलंय.

२०२० पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तासांचे उपक्रम असतात. माझ्या शाळांतले वर्गशिक्षक सगळेच विषय शिकवतात, इंग्रजीचा तास मात्र बराचसा माझ्यावर सोडतात. जबाबदारी आवडते, पण माझं शिकवणं बरं होतंय की नाही हे सांगणारं कुणी नाही.

खरं शिकण्यासारखं इथेच घडतं, ते म्हणजे केन्क्यू जुग्यो. एक शिक्षक आधी सविस्तर पाठ लिहून सगळ्यांना देतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांचं निरीक्षण करतात आणि नंतर बसून त्या तासाचा कीस पाडतात. बी.एड.ला पाठाच्या वहीवर दोन ओळींचा शेरा मिळायचा. इथे कुठलं मूल कुठल्या प्रश्नाला गप्प झालं, यावर चर्चा होते! मी तासाला असते, चर्चेला नसते. ती सुरू होते तेव्हा माझी कराराची वेळ संपलेली असते. शिवाय इताकूमध्ये शाळेने मला थेट सूचना देणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे वर्गशिक्षकही हात आखडता घेतात. याचंच मला फार वाईट वाटतं.

इताकूवर असून कुणाला या चर्चेत बसायला मिळालंय का? क्योतो-सेन्सेईंना (उपमुख्याध्यापक) विचारायचं की आधी कंपनीला? नुसतं ऐकायला बसले तरी चालेल, पैसे नकोत.

दुसरं, जाल्टच्या (जपानमधली भाषा-शिक्षकांची संघटना) स्थानिक शाखेत कुणी जातं का? त्यांच्यात लहान मुलांना शिकवणाऱ्यांचा वेगळा गट आहे. सरकारी शाळेतल्या तीस-पस्तीस मुलांच्या वर्गाला त्याचा उपयोग होतो का?

सेल्टाचा (इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा प्रमाणपत्र कोर्स) विचार केला होता, पण तो मुख्यतः प्रौढांना शिकवण्यासाठी आहे. त्यापेक्षा तोकुबेत्सु मेन्क्योजो, म्हणजे विशेष शिक्षक परवाना, मिळवावासा वाटतो. तो त्या प्रीफेक्चरपुरताच (प्रांतापुरताच) चालतो आणि त्यासाठी नेमणूक करणाऱ्यांची शिफारस लागते. भारतातल्या बी.एड.वर कुणाला मिळालाय का? खासगी शाळेत अर्ज करताना परवान्याचा विषय कधी काढलात? मुलाखतीतच, की नेमणूक झाल्यावर? करार मार्चअखेर संपतो, त्याआधी ठरवायचं आहे.